प्राध्यापकांची दोन घरं

अरे, रघूमामाचा म्हापशाचा डाव तुम्हाला सांगितलाच नाही! गोवा राज्य झालं त्या वर्षीची गोष्ट. मामा पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायचा. बुद्धिबळ शिकलेला तो देवळाच्या पायरीवर, जुन्या देशी पद्धतीनं. आयुष्यातली पहिलीच स्पर्धा, आणि समोर कोण? गेल्या वर्षीचे विजेते, मडगावचे प्राध्यापक!

मामानं राजापुढचं प्यादं एक घर सरकवलं. मग वजिरापुढचं एक घर. मग उंटापुढचं, तेही एकच! प्राध्यापकांना घाम फुटला. असली सुरुवात त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. एकेका चालीला दहा-दहा मिनिटं घेतली, मग वेळ संपत आल्यावर घाईघाईत वजीर घालवला आणि हार मानून हात पुढे केला. मी तर खुर्चीवर चढून टाळ्या पिटतोय!

प्राध्यापकांनी विचारलं, "ही ओपनिंग कुठल्या पुस्तकातली हो?"

मामा हळूच म्हणाला, "पुस्तक कसला, मास्तरांनू? आमच्याकडे प्यादां एकच घर चालता. तुमी दोन-दोन घरां चोरलात, मधीच राजा नि हत्ती एकदम हलयलात. पण म्हटलां, शिकलेलो माणूस, चारचौघांत उगाच कित्याक बोलू!"