कानातलं

(बारामतीतलं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान, साल १९९६, दिवाळी आठवड्यावर आलेली. काउंटरच्या पलीकडे दुकानदार दादासो. अलीकडे शेळगावचे आबाजी आणि त्यांची सून सारजा. आबाजींना कमी ऐकू येतं, असं सगळं शेळगाव मानतं.)

आबाजी : कानातलं घ्यायचं, तर सराफाकडं जायाचं सोडून हितं कशाला आलो गं आपुन?

सारजा : ते कानातलं न्हवं, मामंजी. योगिनीला कानात घालून ऐकायचं पायजे. वॉकमन म्हणत्यात त्याला.

आबाजी : आं?

सारजा : वॉकमन. दादा, जरा मोठ्यानं बोला ह्यांच्याशी. ऐकू कमी येतं.

दादासो : असं व्हय. रामराम, आबा. बसा त्या स्टुलावर. कुणाकुणाला घ्यायचंय?

आबाजी : काय घ्यायचंय?

दादासो : कुणाला, कुणाला घ्यायचंय म्हणतो.

आबाजी : दोन नातवंडं हायत. थोरली योगिनी, दहावीला. धाकटा सौरभ, आठवीला. औंदा दिवाळीला कापडं नकोत म्हणत्यात. म्हणलं, मग काय पायजे? तर त्येंनी तुझ्या दुकानाची वाट दावली.

दादासो : सगळीच पोरं आता तसली, आबा. कापडाच्या दुकानात आईबाप, माझ्या दुकानात पोरं. सौरभला हा बघा विटांचा गेम. वरनं विटा पडत्यात, त्या खाली रचायच्या. दोन सेल टाकले की झालं, लाईट असू दे नायतर नसू दे.

आबाजी : रचून झाल्या की काय मिळतं?

दादासो : ओळ पुरी भरली की मोडती. परत रचायच्या.

आबाजी : म्हंजी गवंड्याच्या हाताखालचं काम, आन मजुरी बी न्हाय. बांध येक. निदान बूड टेकून बसंल पोरगं.

दादासो : आणि ताईसाठी वॉकमन. हा बघा वैनी, साधा. दिल्लीत जुळवलेला माल हाय. कंपनीचा म्हणून मी खोटं सांगणार नाय. गॅरंटी कशाचीच देत नाय, पण दुकान हितंच हाय आणि मी बी. बिघडला तर घेऊन या.

सारजा : हे कानात घातलं की भायेरचं ऐकू येतं का?

दादासो : आवाज वाढवला की शेजारी ढोल बडवला तरी कळत नाय.

सारजा : आन आवाज न लावता? नुसतंच घातलं तर?

दादासो : नुसतं कोण कशाला घालील, वैनी? बरं, कॅसेट कुठली देऊ? दिवाळीची स्कीम हाय, वॉकमनवर एक कॅसेट फुकट.

सारजा : कॅसेट नको.

दादासो : फुकट हाय हो.

सारजा : तिनंच सांगितलंय, कॅसेट नको म्हणून.

दादासो : कमाल हाय. म्हशीवाचून दावं घेतल्यासारखं झालं हे. मग ऐकणार काय ती?

आबाजी : काय म्हणतोय त्यो?

सारजा : काय न्हाय, मामंजी.

आबाजी : मला इचारशील, तर त्यो वरचा पेटीवाला टेप घ्यावा. दोघांत येक. वट्यावर ठेवला की सगळ्या घराला ऐकू येईल. पोरांना गाणी, तुझ्या म्हाताऱ्या सासूला भजनं. येकट्याच्या कानात वाजून काय उपेग?

दादासो : काढून दावतो, थांबा. वैनी, तुमाला म्हणून हळू सांगतो, हा टू-इन-वन आबांच्या खिशाला जड जाईल. वॉकमनच न्या. त्यात मी पन्नास कमी करतो.

आबाजी : पन्नास न्हाय, शंभर कर.

दादासो : आबा, तुमाला ऐकू आलं?

आबाजी : व्हट हालताना दिसलं तुझं.

दादासो : बरं, बरं. शंभर तर शंभर. थांबा, मागच्या खोलीतनं बंद खोक्यातला पीस आणतो. हा शोकेसमधला हाताळलेला हाय. बसा तवर.

सारजा : व्हट दिसलं व्हय, मामंजी? फळीवरनं टेप काढताना त्यो तर पाठमोरा हुता.

आबाजी : पैशाचं बोलणं कानाला लवकर घावतं गं.

सारजा : येक इचारू? घरी इचारलं नसतं. हितं आपल्याला कुणी वळखत न्हाय, म्हणून इचारते.

आबाजी : इचार की.

सारजा : तुमाला सगळं ऐकू येतं न्हवं?

आबाजी : त्या खोक्यावर काय लिवलंय गं? येवढी बारीक अक्षरं.

सारजा : मी भांडाया न्हाय आले, मामंजी. मला लगीन झाल्यावर दुसऱ्याच वर्षी कळलं हुतं. तवा आपली मेंढरं हुती. वाड्याच्या पार त्या टोकाला कोकरू खोकलं, तरी तुमी उठून बसायचा. आन सोप्यात आत्याबाय मला बोलाया लागल्या की फेटा सोडून परत बांधाया घ्यायचा. मी कुणाला सांगितलं न्हाय. म्हणलं, घरात येका माणसाला तरी सुख लागू द्या.

आबाजी : मग आजच का काढलंस?

सारजा : योगिनीला कळलंय म्हणून.

आबाजी : तिला काय कळलंय?

सारजा : परवा तुमच्या मागं हुबं ऱ्हाऊन ती हळूच म्हणली, आबा, च्या निवला. तुमी कप उचलला. तिनं माझ्याकडं बघितलं. हसली बी न्हाय.

आबाजी : पोरगी चलाख हाय.

सारजा : त्याचंच भ्या वाटतं. सांजच्याला चुलीपाशी येऊन बसली. म्हणली, मम्मे, आबांचं बरंय, मला बी दिवाळीला तसलंच कायतरी घ्या. मी म्हणलं, कसलं? तर वॉकमन म्हणली. मला बरं वाटलं. म्हणलं, गाणी आवडत्यात व्हय तुला? तर म्हणली, गाण्याचं काय करायचंय? कानात वायर दिसली की झालं. ऐकू येत न्हाय म्हणायला कायतरी कारण लागतं. आबांचं वय झालंय, माझं कुठं झालंय?

आबाजी : अस्सं म्हणली?

सारजा : अस्संच.

आबाजी : काय ऐकायचं न्हाय तिला?

सारजा : तुमाला ठावं हाय.

आबाजी : तू सांग.

सारजा : मला बोललेलं. सकाळी च्यापास्नं सुरू व्हतं ते. साखर जास्त पडली, नरसिंगपूरच्या लेकीला हात आवरता येत न्हाय. भाकर जाड झाली, आईनं हेच शिकवलं का? ह्यांचा ट्रक दोन दिस उशिरा आला, तरी माझाच पायगुण. मला सवं झालीया. पर योगिनी तितंच पुस्तक घेऊन बसती, दुसरीकडं जागा कुठं हाय? सहामाहीला गणितात गेली. बाई म्हणल्या, पोरीचं लक्ष न्हाय. लक्ष हाय तिचं. पर ते माझ्यावर हाय.

आबाजी : मागं येकदा ती म्हातारीला उलटून बोलली हुती.

सारजा : ते बी ऐकलंत न्हवं? माझ्या आईला बोलायचं न्हाय, म्हणली ती. आन मी काय केलं? तिच्याच थोबाडीत दिली, आत्याबायच्या देखत. म्हणलं, मोठ्या माणसाला उलट बोलतीस? तुमी वट्यावर हुता. तितनं इचारलंत, काय वाजलं गं?

आबाजी : व्हय. इचारलं.

सारजा : तवापास्नं ती कुणाशी धड बोलत न्हाय.

आबाजी : सारजा, त्या म्हातारीसंगं उभा जल्म काढलाय मी. तिला येक बोलला तर ती धा काढती. आन ते धा माझ्यावर न्हाय पडायचं, तुझ्यावर पडायचं. म्हणून गप ऱ्हायलो. मला वाटायचं, तुझं भलंच करतोय.

सारजा : आसंल. मी न्हाय म्हणत न्हाय. आन आत्याबाय मनानं वंगाळ न्हायत. मी तापानं फणफणले हुते, तवा रातभर उशाला त्याच बसून हुत्या. तोंडाचा पट्टा तेवढा आवरत न्हाय त्यांना. माझं सोडा, मामंजी. माझं निम्मं आयुष्य गेलं, ऱ्हायलेलं बी जाईल. पर पोरगी काय शिकली ते बघा. बोललं की थोबाडीत बसती, हे माझ्याकडनं शिकली. ऐकू येत न्हाय म्हणलं की सुखात ऱ्हाता येतं, हे तुमच्याकडनं. उद्या सासरी जाईल. तितं तिला कुणी बोललं, तर ती कान झाकून बसंल. आन तिच्यादेखत दुसऱ्या कुणाला बोललं, तरी झाकूनच बसंल. ह्याचं मला लई वाईट वाटतं.

आबाजी : मग ते वॉकमन घ्यायला आलीस कशाला?

सारजा : तिनं मागितलं म्हणून. थोबाडीत खाल्ल्यापास्नं पयल्यांदा कायतरी मागितलं तिनं माझ्याकडं. न्हाय कुठल्या तोंडानं म्हणू?

दादासो : हा घ्या वैनी, बंद खोक्यातला पीस. सेल टाकून, चालवून दावतो. आणि आबा, मागं शोधताना तुमच्या कामाची एक वस्तू घावली. कानाचं मशीन. ही डबी बंडीच्या खिशात, ही वायर कानात. एका गिऱ्हाइकानं दुरुस्तीला टाकलं, ते परत फिरकलंच नाय. दिवाळी झाली की पुण्याला धाडतो आणि चालू करून देतो तुमाला. डॉक्टरांकडच्या नव्यापरीस लई स्वस्तात पडंल.

आबाजी : बघू, आण हिकडं. आता बंद हाय व्हय हे?

दादासो : बंद हाय. काय बी ऐकू यायचं नाय.

आबाजी : बंद हाय हे भायेरनं कळतं का?

दादासो : भायेरनं कसं कळंल?

आबाजी : मग आसंच दे. धाडू नगस कुठं.

दादासो : बंद मशीनचं पैसं कसं घेऊ मी, आबा? लोक काय म्हणतील?

आबाजी : मग घेऊ नगस. ते वॉकमनचं शंभर कमी केलंस न्हवं, त्यातलं पन्नास ह्येला लाव. जा, गेम बांधून आण तवर.

सारजा : मामंजी, हे काय करताय तुमी?

आबाजी : येवढी वर्सं मला ऐकू येत न्हाय. आज घरात पाऊल टाकल्या टाकल्या ऐकू याया लागलं, तर म्हातारी इचारंल, आन आजवर काय झालतं? काय सांगू तिला? योगिनी म्हणती ते खरं हाय. कारण लागतं.

सारजा : तिला खरं ठावं हाय, मामंजी. तिच्यापाशी हे मशीन चालायचं न्हाय.

आबाजी : तिच्यासाठी न्हायच ते. म्हातारीसाठी हाय. योगिनीला मी काय करतोय ते दिसंल की. हसली तर हसू दे, तेवढं तर हसंल.

सारजा : आन ऐकू आल्यावर काय म्हणाल आत्याबायला?

आबाजी : पयल्यांदा म्हणीन, म्हाळसे, जरा दमानं, मला ऐकू येतंय आता.

सारजा : आन त्या थांबल्या न्हायत तर?

आबाजी : तर पोरीच्या देखत म्हणीन, सुनंला बोलायचं न्हाय. योगिनी म्हणली ते काय चुकीचं न्हवतं. माझ्या थोबाडीत द्यायला घरात माझ्यापरीस मोठं कोण हाय?

सारजा : त्या चिडतील. दोन दिस जेवायच्या न्हायत.

आबाजी : जेवतील. दिवाळीचं हाय घरात. करंज्या बघून किती दिस रुसून बसंल? आन रुसली तरी भाकर तुला मागायची न्हाय तिनं, मला मागायची. मी करून घालीन. मेंढरामागं असताना कोण करीत हुतं माझी भाकर?

सारजा : मामंजी.

आबाजी : आता डोळं कशाला पुसतीस? त्यो आला बघ गेम घेऊन. काय म्हणंल त्यो?

दादासो : काय झालं वैनी, भाव जास्त वाटला का?

सारजा : न्हाय, दादा. वाजवीच हाय.

दादासो : मग हे वॉकमन? बांधू का ठेवू?

सारजा : बांधा. मागितलंय ते तिला मिळालं पायजे. कानात घालायचं का न्हाय ते तिचं ती ठरवंल, घरात काय चाललंय ते बघून.

दादासो : मला काय तुमच्या घरचं कळंना. पोरीला कॅसेट नको, आबांना बंद मशीन पायजे. आबा, खरं सांगा, हे बंद मशीन कानात घालून तुमी ऐकणार काय?

आबाजी : घरात चालू हाय ते.