पंचेचाळिसावी वाटणी

तारीख मला विचारा ना. जो तो आपल्या मनानं सांगून राहिला, कोणी म्हणतो दिवाळीत झालं, कोणी म्हणतो पोळ्याला, आणि हा मल्लिकार्जुन तर तिथं नव्हताच, तरी सगळ्यांत जास्त तोच सांगतो… अरे, ज्याच्या घरात झालं तो म्हातारा अजून जिता हाय ना? सन दोन हजार चोवीस, माघ महिना, हरभरा घाट्यावर आलेला, सकाळी शाल लागायची आणि दुपारी नकोशी व्हायची. शनिवार होता. लिहून घ्या ग्रामसेवकसाहेब, बाकी फालतू लई लिहिता.

बसून बोला म्हणता? न्हाई सरपंचबाई, मी उभाच बरा. बसलं की माणूस लांबण लावतो.

तर मल्लिकार्जुन मेंबर आत्ता काय बोलला ते सगळ्यांनी ऐकलं. शाळेतली सात कंप्युटर दोन वर्षं कापडाखाली झाकून पडलीत, आणि चाकूरच्या कलीम पत्रेवाल्याची पोरगी, ही हुस्ना, म्हणते मी त्यात लिनक्स टाकून चालू करून देते, मला शाळेत ठेवा, पोरांना शिकवते. एवढा साधा विषय. आणि हा गळा साफ करून उठतो आणि म्हणतो, "पोरगी हुशार हाय, पण तिचा वायरीला पाय लागतो. दगडोबाच्या घरी काय झालं ते गावाला माहीत हाय. सरकारी मशिनं हायत, उद्या जबाबदारी कोणाची?" आणि तुम्ही सगळे माना हलवता. ती तिकडं दाराजवळ खाली बघत बसली, आणि तुम्ही माना हलवता.

तुम्हाला सांगतो, मी भावाभावांच्या रानाच्या चव्वेचाळीस वाटण्या केल्या, एक कोर्टात गेली न्हाई. म्हणून मधी बोलू नका.

आमच्या घरात लॅपटॉप एक आणि नातवंडं दोन. दयानंद त्याच्यावर फ्लेक्स बनवतो. चौकात वाढदिवसाचे जे फोटो टांगतात, काळा गॉगल, खाली पंचवीस हितचिंतक, ते सगळे त्याचे. मल्लिकार्जुन, तूही त्यात हाईस, पोट कमी केलेला. आणि पुनम लातूरला कॉलेजात. तिच्या परीक्षेला ते लिनक्स पाहिजे आणि दयानंदच्या कामाला विंडोज पाहिजे. दोन महिने घरात हेच. तो म्हणायचा, माझं विंडोज काढलं तर मी घर सोडून पुण्याला जातो. ती म्हणायची, मग मी परीक्षाच देत न्हाई, करा माझं लग्न. हे ऐकून तिची आई लई खुश, लगेच पाहुण्यांना फोन.

शेवटी मी पुनमला म्हणलं, काय भानगड हाय, मला समजंल असं सांग. ती म्हणाली, आबा, लॅपटॉप म्हणजे रान समजा. विंडोज एक कसणारा, लिनक्स दुसरा. एकाच रानात दोघांना बसवता येतं, पण मधी हद्द नीट घालावी लागते, चुकली तर पहिल्याचं सगळं पीक जातं.

आता बघा… घरात पंच बसलाय, तालुक्यातून माणसं त्याला जीप घेऊन न्यायला येतात, चव्वेचाळीस वाटण्या केल्या, एक कोर्टात गेली न्हाई, आणि त्याच्याच घरात दोन महिने हद्दीवरून भांडण! म्हणलं, बोलवा कोणी जाणकार. वाटणी माझ्यासमोर होईल.

हुस्ना आली. एसटीनं आली, हात हलवत. म्हणलं, सामान कुठाय? तिनं पर्समधून करंगळीएवढी कांडी काढली. "आबा, लिनक्स पूर्ण यात हाय." मी ती कांडी हातावर घेतली. वजन काय म्हणाल, चिंचोक्याएवढं. त्यात एक अख्खा कसणारा, त्याची बैलं, अवजारं, चार पिढ्यांचं शहाणपण, सगळं. मी ती जपून परत दिली. देवाला वाहिलेली सुपारी उचलतो तशी.

मग मी तिला माझे नियम सांगितले. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. उभ्या पिकातून दोरी न्यायची न्हाई. आणि दोरी पडायच्या आधी दोघांच्या मोटारी बंद, पाणी चालू असताना मोजणी न्हाई, म्हणजे तुझं पाणी माझ्यात शिरलं, माझी माती तुझ्यात गेली, हे पुढं कोणी म्हणायचं न्हाई. पोरीनं सगळं ऐकून घेतलं. आमच्या घरात शेवटपर्यंत ऐकून घेणारं कोणी न्हाई, म्हणून मुद्दाम सांगतो.

तिनं दयानंदला दोनदा सांगितलं, अरे बाबा, तुझं सामान आधी दुसरीकडं काढून ठेव. हा म्हणे, काही होत न्हाई. ती हात मागं घ्यायला लागली, तर मी म्हणलं, पोरी, माझ्या शब्दावर चालू कर. कोणाचं कणभर जाणार न्हाई.

हे मी बोललो. लक्षात ठेवा.

तर तिनं पडद्यावर एक लांब पट्टी काढली. म्हणे हे रान. म्हणलं किती एकर? म्हणे पाचशे. आम्हा सगळ्या भावकीचं मिळून तेवढं भरत न्हाई आणि ते या ताटाएवढ्या डब्यात! म्हणलं, मग अर्धं-अर्धं. ती म्हणाली, "आबा, दयानंदचं सामान निम्म्याच्या पुढं गेलंय. तुम्हीच म्हणलात ना, उभ्या पिकातून दोरी न्हाई." मला माझाच नियम ऐकवला. पुनमला विचारलं, तुला किती? ती म्हणाली, शंभरात माझं भागतंय. चव्वेचाळीस वाटण्यांत धाकट्याच्या तोंडून हा शब्द मी ऐकला न्हाई.

आणि मग, तुम्हाला सांगतो, त्या पोरीनं हद्दीवर बोट ठेवलं आणि हद्द सरकवली. बोटानं! अरे, औशाकडच्या एका गावात वीतभर धुऱ्यासाठी, बांधासाठी, दोन सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे होते, मी मधी आडवा झोपलो तेव्हा दोरी पडली. आणि ही बोटानं इकडं सरकवते, तिकडं सरकवते आणि विचारते, "एवढं बस, आबा?" मी मान हलवली.

तिथून पुढं मी नुसता बघत राहिलो. पडद्यावर एक निळी रेघ मुंगीच्या चालीनं निघाली. हुस्ना म्हणाली, दयानंदचं काही सामान पुनमच्या वाट्यात पडलंय, मशीन ते उचलून याच्या वाट्यात नेऊन ठेवतंय. म्हणजे उभं पीक, मुळांसकट, मातीसकट, एका रानातून दुसऱ्या रानात, आणि पान कोमेजत न्हाई! कोणी हे करत असंल असं मला माझ्या बापानं सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. आणि इथं घरात, केवळाबाईच्या शेवयाच्या पाटाशेजारी, ते होऊन राहिलं. केवळाबाई म्हणजे आमची मालकीण, ती म्हणाली, काही दिसत तर न्हाई. म्हणलं, गप. दिसत न्हाई म्हणूनच मोठं हाय.

हुस्ना हात धुवायला उठली. पुनम चहा टाकायला आणि केवळाबाई ताट आणायला आत गेली. दयानंद दारात फोनवर.

आणि तेव्हा वायर निघाली.

निघाली… पुढं सांगतो, थांबा. त्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, वायर निघाली की आठ-दहा मिनिटांत मशीन मान टाकतं. आणि हुस्ना आधीच म्हणाली होती, हे चालू असताना मशीन मधीच बंद पडलं तर अर्धं पीक इकडं, अर्धं तिकडं, आणि कोणाला काहीच न्हाई. ती परत आली, पडद्याकडं बघितलं, कोपऱ्यात तीन टक्के. तीन. वायर घेतली, वाकून बोर्डात खोचली. दयानंद पळत आला. "वायर कोणी काढली?" असा ओरडला की केवळाबाईच्या हातातलं ताट पडलं.

हुस्ना म्हणाली, "माझा पाय लागला."

झालं. तेवढंच गावात आलं. दयानंदनं चौकात सांगितलं, चौकातून मल्लिकार्जुनकडं गेलं.

पण पुढचं कोणी सांगत न्हाई. रेघ संपली, मशीन बंद होऊन चालू झालं, आणि समोर फक्त लिनक्स. विंडोजचं नाव न्हाई. दयानंद जमिनीवर बसला. पाच वर्षांचं काम, सगळ्या गावाचे वाढदिवस, गेले. पुनम रडायला लागली, म्हणाली दादा, माझ्यामुळं झालं. आणि मी? मी भिंतीला टेकलो. माझा शब्द होता ना, कणभर जाणार न्हाई.

हुस्नानं काळा पडदा उघडला, त्यावर पांढरी अक्षरं टाकायला लागली, टकटक टकटक, जात्यावर बसल्यासारखी एका लयीत. म्हणाली, "आबा, थोरला आपल्या घरातच हाय. दारावरच्या राखणदाराला कोणी सांगितलंच न्हाई की आत दोघं राहतात. सांगून राहिले." आणि पुन्हा मशीन चालू केलं, तर पडद्यावर यादी. वर लिनक्स, खाली विंडोज. दोघांची नावं, एकाखाली एक. राखणदार विचारतो, कोणाकडं जायचं? आणि दहा सेकंद थांबतो. कोणी बोललं न्हाई तर आपणच वरचं दार उघडतो. ना हुज्जत, ना आवाज. दोन भाऊ एका उंबऱ्यात, आणि एक आत असताना दुसरा चुळबूळसुद्धा करत न्हाई! अरे, ही अक्कल माणसाला दिली असती तर मला चव्वेचाळीस वेळा उन्हात उभं राहावं लागलं असतं का?

दयानंदनं खालचं दार उघडलं. सगळं जागच्या जागी. पहिलाच फोटो निघाला तो मल्लिकार्जुनचा, गॉगल घातलेला, बारीक.

दीड वर्ष झालं त्याला. दयानंद फ्लेक्स करतो, पुनम पास झाली, तिच्या आईनं पाहुण्यांना परत फोन करून न्हाई म्हणून सांगितलं. एक दिवस भांडण न्हाई. माझ्या चव्वेचाळीस झाल्या, त्या दिवशीची पंचेचाळिसावी, आणि ती सगळ्यांत चांगली झाली, आणि ती मी केलेली न्हाई.

आता वायरीचं.

पाणी बंद केल्याशिवाय दोरी टाकायची न्हाई, ही पन्नास वर्षांची सवय हाय. खोलीत मी एकटा. मोजणी चालू, आणि बोर्डात वायर, वायरीतून करंट धो-धो आत चाललेला. म्हणलं, अरे, पोरगी मोटार बंद करायची विसरली. करंट कोणाच्या रानात चाललाय, कोण सांगणार? उद्या पुनम म्हणंल माझा दादाकडं गेला. मी उठलो. वायर ओढली. नीट गुंडाळी करून खुंटीला टांगली. आणि जागेवर येऊन बसलो, नियमानं काम झालं म्हणून समाधानानं.

हसा. हसून घ्या. मी थांबतो.

झालं?

हुस्नाला ती गुंडाळी खुंटीवर दिसली. पाय लागून वायर खुंटीवर जाऊन बसत न्हाई. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, आणि म्हणाली माझा पाय लागला. मी गप्प बसलो. या तोंडानं चव्वेचाळीस घरांत खरं बोला म्हणून सांगितलं, आणि हेच तोंड गप्प बसलं.

संध्याकाळी तिला एसटीच्या थांब्यावर सोडायला मी गेलो. विचारलं, खोटं कामून बोललीस? म्हणाली, "आबा, तुमच्या हातानं रोवलेल्या हद्दीच्या दगडावर चव्वेचाळीस घरं गप्प हायत. तुमचा हात चुकला म्हणलं की उद्या सगळे धुरे मोजायला निघतील. माझा पाय लागला तर काय बिघडतं?" एसटी आली, बसली, गेली.

काय बिघडतं… हे बिघडलं. सात मशिनं आणि एका पोरीचं नाव.

तर लिहा ग्रामसेवकसाहेब, माझ्या नावानिशी लिहा. वायर दगडोबानं काढली. स्वतःच्या हातानं, शुद्धीत असताना. आणि आता माझ्या हातावर ज्याला शंका आली त्यानं आपला धुरा खुशाल मोजून घ्यावा. मल्लिकार्जुन, तुझी वाटणी एकतिसावी. उद्या सकाळी दोरी घेऊन ये, मी येतो. फक्त मोटार बंद करून ये.

पोरी, वर बघ. तुझं माझ्याकडं होतं ते फिटलं.