भिंगरी आणि बारा वर्षांचं वांगं

…तर मी म्हणते, नवस बोलायला काय जातं, पण बोलताना मुदत घालावी की नाय माणसानं? मी नाय घातली. तुम्हाला सांगते, बारा वर्षं… बारा वर्षं मी वांग्याला शिवले नाय, अन् ते कशापायी, तर घोडीपायी! हसू नका. आमची भिंगरी तेव्हा पाच वर्षांची. पहिल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी पोट फुगून आडवी पडली, डोळे पांढरे, पाय झाडतेय, अन् आमचे मालक तिच्या मानेपाशी बसून लेकरागत रडतायत. आता अशा वेळी बाईच्या तोंडून काय निघंल? मी देव्हाऱ्यातल्या खंडोबावर भंडारा उधळला अन् म्हणाले, देवा, हिला उभी कर, ही शर्यतीत पळंल तोवर मी वांगं खाणार नाय. वांगंच का? तर मला सगळ्यात प्यारं तेच. नावडतं सोडून देवाला फसवायचं असतं व्हय? तर घोडी तासाभरात उभी राहिली, दुसऱ्या दिवशी पळाली, पहिली आली. मला वाटलं, पळून पळून किती पळंल… दोन वर्षं, तीन वर्षं?

अन् आमची शर्यत नेमकी चंपाषष्ठीला! त्या दिवशी खंडोबाला निवद कशाचा, तर वांग्याच्या भरिताचा अन् बाजरीच्या रोडग्याचा. सगळं गाव चार महिने वांगं सोडतं अन् त्या दिवशी भरितावर तुटून पडतं. घराघरांत वांगी भाजतायत, कांद्याची पात चिरतायत, वरून कच्च्या तेलाची धार… अन् माझ्या ताटात नुसता रोडगा.

शेजारची केसरबाई पदर तोंडाला लावून म्हणायची, "बानाबाई, औंदा घोडीला जरा सर्दी-पडसं होऊ दे की." मी म्हणायचे, असं वंगाळ बोलू नये गं. पण तुमच्यापासून काय लपवायचं… मनात यायचंच.

बरं, लोकं मालकांना विचारायची, मल्हारराव, घोडीला कधी सोडणार? तर हे मिशीवर हात फिरवून सांगायचे, हरंल त्या दिवशी सोडीन. जिंकत्या जनावराला खुंट्याला बांधणं म्हणजे देवाच्या तोंडावर दार लावणं. लोकं म्हणायची, वा! लोकांचं काय जातंय वा म्हणायला? अन् भिंगरी हरायचं नाव घेईना. आमच्या माळावर कंपन्या आल्या, दर साली एक कंपनी माळाचा एक घास घ्यायची, शर्यत आपली तोकडी होत चालली, सुटायचा इशारासुद्धा फटाका जाऊन कंपनीच्या तीनच्या भोंग्याचा झाला, यांची मेंढरं जाऊन गेटवरची नोकरी आली, यांचे केस पांढरे, माझे गुडघे गेले… पण घोडी पहिली! अन् माझ्या ताटात नुसता रोडगा.

पण खरं सांगू का, शेवटी शेवटी ते वांग्याचं राहिलंच नव्हतं. घोडी सतरा वर्षांची झाली होती. सकाळी उठताना आधी पुढचे पाय, मग एक उसासा, मग मागचे. अगदी माझ्यासारखी. शर्यतीनंतर चार-चार दिवस तिच्या गुडघ्यांना हळद-मिठाचा शेक मी द्यायची. ती माझ्या खांद्यावर तोंड ठेवून उभी असायची अन् तिचा भाता असा चालायचा, की मला वाटायचं, एक दिवस ही पळतापळताच जाणार. यांना सांगावं तर म्हणायचे, मागल्या साली दोन घोड्यांचं अंतर टाकून आली, तुला काय कळतं? मग मी काय केलं… कोणाला सांगू नका. देवाला म्हणाले, औंदा हिला हरव, पाच नारळं वाहीन. आपल्याच घोडीच्या हरण्याचा नवस! अन् तिकडं हे जिंकायची सात नारळं बोलून बसलेले. आता देवानं ऐकायचं कोणाचं? सातवाल्याचंच ना!

ती चंपाषष्ठी म्हणजे विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्याच्या महिनाभर आधीची. मी एरवी देवळापाशी बायकांत बसायची, त्या दिवशी जीव राहीना म्हणून सकाळच्या कच्च्या फेरीला (खरी शर्यत दुपारी तीनला) थेट शेवटच्या रेघेपाशी जाऊन बसले. अन् काय पाहते… भिंगरी धापा टाकत पुढं, तिच्या मागं पलीकडच्या वस्तीतल्या पुंजारामचा काळा घोडा. कंपनीचा पगार साठवून घेतलेला, सात वर्षांचा, उभा असला तरी पळतोय असं वाटायचं. तो अस्सा आला, भिंगरीच्या शेपटाला लागला, आता निघणार… अन् पुंजारामनं लगाम वढला. माझ्या डोळ्यांदेखत! घोडा मान झटकतोय, तोंडाला फेस, अन् हा मागं रेलून दोन्ही हातांनी वढतोय. अन् त्याच्या मागचा? तो पण. त्याच्या मागचा? तो पण!

मी रोडगा पदरात घेतला अन् गेले पुंजारामकडं. म्हटलं, पोरा, देवाच्या दारात लबाडी करतोस व्हय? तर तो खाली बघून म्हणतो, "मावशी, त्या बंदच्या दिवशी माझी आई भिंगरीनंच वाचवली. तिच्या पुढं कसा जाऊ?"

मला आठवलं. नामांतरापायी कधी मोर्चा, कधी बंद चाललेला. त्या बंदला एसटी नाय, जीप नाय, अन् त्याच्या आईला, सरूबाईला, साप चावला. गावातली दोघं-तिघं यांना म्हणाली, आजच्या दिवशी त्या वस्तीकडं जाऊ नका. हे एवढंच बोलले, "घोडीला वस्ती कळत नाय." टांगा जुंपला अन् निघाले. उस्मानपुऱ्याकडनं फिरून, जळत्या टायरांना बगल देत शहरातला घाटी दवाखाना गाठला. सरूबाई वाचली. तेव्हापासनं, पुंजाराम म्हणाला, तीन सालं झाली, आम्ही सगळेच वढतो. माझं बघून बाकीच्यांनी धरलं. घोडीला कोणी मागं टाकायचं नाय.

आता सांगा, ह्या पुण्याईला काय म्हणावं? सगळी पोरं तिचा मान राखतायत अन् त्या मानापायी माझी घोडी मरायला टेकलीय! मी म्हटलं, लेकरा, खरा उपकार फेडायचा असंल तर दुपारी हरव तिला. तर त्याच्या डोळ्यांत पाणी. "ते माझ्यानं व्हायचं नाय."

मग राहिलं कोण? मीच. आता बोलावं तर नवऱ्याचा तीन वर्षांचा जिंकल्याचा फेटा डोक्यावरनं उतरतो, न बोलावं तर घोडी जाते. दुपारी जेवायला बसले, त्यांच्या ताटात भरीत, अन् माझ्या ताटात नुसता रोडगा… अन् मी देवाचं नाव घेऊन सांगून टाकलं. त्यांचा घास हातातच राहिला. मग उठले, खोगीर उचललं अन् म्हणाले, कोण वढतं ते दाखवतोच तुला.

तीनचा भोंगा झाला. सुटले घोडे. भिंगरी पुढं. निम्म्यात आली अन् यांनी तिला जरा आवरलं. मागचे पाचही आवरले. यांनी आणखी आवरलं. ते पण आवरले. घोडी दुडकी चालली, मागचे दुडके. घोडी चालायला लागली, मागचे चालायला लागले… तुम्हाला सांगते, चालत चाललेली शर्यत कोणी पाहिली का कधी? शर्यत कसली, वरात! हलगीवाल्याला कळंना काय वाजवावं, शेवटी त्यानं वरातीचाच ठेका धरला. माणसं हसू लागली, मग एकेक करून उभी राहिली.

रेघेच्या दोन हात अलीकडं हे थांबले. मागं वळून सगळ्यांकडं पाहिलं, खाली उतरले, भिंगरीच्या बरगडीला कान लावला. किती वेळ तसेच. मग खोगीराचा पट्टा सोडला अन् म्हणाले,

"जा रे पुढं. घोडी दमली."

बारा वर्षांत हे दोन शब्द त्या माणसाच्या तोंडून निघाले नव्हते. पण पोरं हलतात कुठं? शेवटी यांनीच काळ्या घोड्याचा लगाम धरला अन् पुंजारामला रेघेपार नेऊन सोडलं. पुंजाराम घोड्यावर बसून रडतोय अन् हे त्याला दटावतायत, "जिंकलास ना? मग नीट बस."

अन् इकडं केसरबाई पळत आली, भरिताची वाटी घेऊन! "बानाबाई, सुटलीस गं!" मी खंडोबाला हात जोडले, पाच नारळं कबूल केली, रोडग्याचा तुकडा मोडला, त्यावर भरीत घेतलं, ते तेल, ती पात, तो भाजका वास… घास ओठांशी नेला… अन् देवळातनं यांचा आवाज. सगळ्या गावादेखत हात जोडून उभे! देवा, म्हणतात, माझ्या भिंगरीला आता खुंट्याला सुखानं राहू दे, ती आहे तोवर आमच्या घरात कोणी वांगं खाणार नाय.

आमच्या घरात! मला विचारलं? म्हटलं, अवो, दुसरं काही सुचलं नाय व्हय, कारलं होतं, मुळा होता. तर म्हणतात कसे, "तुझ्या वांग्यानंच बारा वर्षं राखली तिला. गुण आलेला उपाय कोणी बदलतं का?"

त्याला आता चार सालं झाली. घोडी एकवीस वर्षांची, गुडघे बरे, दारात उन्हाला उभी राहून हरभरा खाते, सरूबाई येता-जाता तिच्या अंगावरनं हात फिरवते. खंडोबा तिला आणखी दहा वर्षं देवो, मी मनापासनं म्हणते. अन् माझ्या ताटात नुसता रोडगा.

तर बायांनो, बापूंनो, एक मागणं आहे. कधी कोणाची म्हातारी घोडी, कोणाचं थकलेलं माणूस तुमच्या पुढं पळत असंल, तर त्या पोरांसारखा लगाम जरा वढून धरा. पण ते थकलंय हे सांगायला मागं-पुढं पाहू नका, मी सांगितलं तसं सांगा. नवस पण बोला, मोठ्या मनानं बोला.

अन् घरी भरीत केलंत ना… तर आमच्याकडची खिडकी तेवढी लावून घ्या.