चार वर्षांची पाटी

बोर्चा : श्वास आत ओढ. अजून. हा झगा वसंतात शिवलाय, बाई, तेव्हा तू एकटी होतीस.

एटेल्का : ओढला तेवढा ओढला, बोर्चामावशी. आतलं माणूस ऐकत नाही, त्याला मी काय करू?

गेर्गेय : हळू बोला. पडद्यापलीकडे अर्धं बुडापेस्ट बसलंय.

एटेल्का : बसू दे. गेर्गेय, पडद्यावरचं ते हलतं चित्र बघ जरा. फियुमे बंदराच्या धक्क्यावर तुला निरोप देणारी मी, वेताच्या छडीसारखी. आणि चित्र थांबलं, की त्याच झग्यात पडद्यामागून चालत येणार तीही मीच, पुढचा अंक बोलायला. लोक म्हणतील, मधल्या वेळात पोरगी बरीच जेवली.

गेर्गेय : मी मालकांना म्हटलं होतं, दुसरी कुणी घ्या.

एटेल्का : किती काळजी तुला. पडद्यावर तोंड माझं, आणि बाहेर येणार दुसरीच? खुर्च्या मोडतील लोक. म्हणून तर मालक गप्प बसले. पण आज हसं झालं, तर उद्या माझ्या हातात नारळ.

बोर्चा : हसं होणारच. हा अमेरिकेला जातो, मग पडद्यावर अक्षरांची पाटी येते, 'चार वर्षं लोटली'. मग हा परत येतो आणि दारात ही अशी उभी. एवढा हिशेब माझ्या कोंबडीलाही कळतो.

गेर्गेय : तुमची कोंबडी नाटकं बघते वाटतं?

बोर्चा : नाही. पण अंडं घातलं की साऱ्या आळीला सांगते. लपवत नाही.

एटेल्का : मावशी वर चित्र दाखवणाऱ्या यंत्रवाल्याला भेटून आल्यात. इथून दोनदा घंटी दिली, तर पाटीच्या वेळी तो भिंगासमोर हात धरेल. पाटी गेली, की चार वर्षंही गेली.

गेर्गेय : पण मग लोकांना वाटेल, मूल नायकाचं. म्हणजे माझं.

एटेल्का : केवढा हा अन्याय तुझ्यावर.

गेर्गेय : तिसऱ्या रांगेत आई बसलीय, एटेल्का. तिला अजून...

एटेल्का : माहीत आहे. तिला सांगायला तू आधी उन्हाळा सरायची वाट पाहिलीस, मग द्राक्षं उतरायची. अजून थोडं थांब, मूलच जाऊन सांगेल.

गेर्गेय : भित्रा म्हणायचंय तर सरळ म्हण.

एटेल्का : छे, भित्रा कसा? पडद्यावर समुद्र ओलांडतोस की.

बोर्चा : बोट सुटली बघा. ही रुमाल हलवतेय. आता पाटीच. घंटीचं बटण तुझ्या खांद्यामागे आहे, बाबा.

गेर्गेय : तूच दाब ना, एटेल्का.

एटेल्का : माझं सगळ्यांना दिसतंच आहे. घंटी तुझी.

(गेर्गेय बटण दाबतो. थांबतो. पुन्हा दाबतो.)

बोर्चा : अंधार झाला. गेली पाटी. व्हा पुढे दोघं.

गेर्गेय : पण पहिलं वाक्य माझं आहे. 'चार वर्षं मी सातासमुद्रापार...' ते आता कसं चालेल? मी कुठून आलो म्हणू?

एटेल्का : कुठूनही ये. उशीर झाला, एवढं म्हण.