उतरवलेली तार

हसू नका बरं, पण बायको गेल्यापासून माझ्या घराचं दार कोणी वाजवलं असेल, तर ते किंगरीमुळे.

माझे वडील ती तीन तारांची किंगरी वाजवत, गावोगाव गात फिरायचे. मला तेव्हा लाज वाटायची. आता नोकरी संपली, पोरगी हैदराबादला गेली. मग कुडवा गावातल्या घरात एकटाच बसून मी आठवून आठवून एक किंगरी केली. शिवणीचं लाकूड कोरलं, वर कातडं ताणलं, तारांवर फिरवायच्या गजासाठी वरातीच्या घोडीवाल्याकडून शेपटीचे केस मागून आणले.

पहिल्यांदा गज फिरवला तो दुपारी चारला. दहा मिनिटांत शेजारची सून दारात.

"काका, घर में सब ठीक है ना? कोई रो रहा है."

"कोणी नाही रडून राहिलं वो, किंगरी होय ही!"

"अच्छा! मम्मीजी बोलीं, जाके देखो, काका अकेले हैं."

ती आत आली. मी चहा टाकला. तिने बायकोचं नाव विचारलं. किती महिन्यांनी ते नाव माझ्या तोंडून निघालं!

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बसून मी तारा नीट जुळवल्या. काय गोड वाजली! अगदी वडिलांच्या हातची वाटावी अशी. चार वाजले, पाच वाजले, कोणीच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मीच एक तार थोडी उतरवली.