तीन वाजताची घंटा

माहा जन्म गोंदियाचा, चर्चच्या मागच्या खोलीतला. बाबा चर्चची घंटा वाजवे, झाडलोट करे, सारंच करे. मी चौथीत असताना माय गेली, मंग बाबानंच मले वाढवलं, वेन्या घातल्या, अन् बडा दिन, म्हंजे नाताळ, आला का नव्या तांदळाचे अनरसे बी तोच तळे, अर्धे जाळे अन् म्हने पाह्य, कसे लाल झाले. मी खाऊन घेई.

मंग नव्यानव साली मी देवरीच्या वामनसंग लगन केलं. बौद्धाचा पोरगा, सायकलीचं दुकान त्याचं. लगन कोर्टात, ना चर्चमध्ये ना विहारात. बाबा म्हने चर्चच्या दारातून नाही गेलीस, त माह्या दारातूनही येऊ नोको. मी बी त्याचीच पोरगी, म्हटलं नाही येत, जा. अन् आली देवरीले.

इथं आश्रमशाळेत स्वयंपाकाचं काम भेटलं. लेकरं तिथंच राहतात, त बड्या दिवशीही दोन्ही टाइम चूल पेटवाच लागते. काय सांगू तुमाले, त्या दिवशी घरची आठवन अशी येई, अशी येई का डोळ्यापुढं भाताचं पानी उतू जाई अन् मले दिसे नाही. संगच्या बाया म्हनत काऊन रडून राहिलीस, मी म्हनो कांदा हाय. भातात कायचा कांदा, पन त्या बिचाऱ्या माही चूल सांभाळत.

तवा मोबाईल नोहता आमच्याकडं. बाबाच्या शेजारी मार्थाकाकी, तिच्या घरी फोन. बड्या दिवशी दुपारची जेवनं, भांडी आटोपली का तीन वाजता मी स्टँडवरच्या एसटीडीत जाई. काकी म्हने थांब पोरी, बोलावते, अन् रिसीव्हर टेबलावर ठेवून जाई. मी कानाले लावून उभी. तिच्या कोंबड्या ऐकू येत, रेल्वेची शिट्टी ऐकू येई, अन् मंग घंटा. दोन टोले, जरा थांबून एक. बाबाचा खांदा दुखे ना, म्हनून तो तसाच वाजवे, मी झोपेतही ओळखीन. मंग काकी येई, म्हने नाही येत वो, काम हाय म्हनते. मी रडत रडत फोन ठेवो. असे तीन बडे दिन गेले.

चौथ्या वर्षी माही पोरगी कडेवर, वामन संग. घंटा वाजली तसा मी रिसीव्हर त्याच्या कानाले लावला, म्हटलं ऐका, बाबा वाजवून राहिला. त्यानं ऐकलं अन् इचारलं, काऊन वो, तुमच्यात तीन वाजता कायची प्रार्थना राहते? मी म्हटलं कायची म्हंजे, अन् मंग ध्यानात आलं. तीन वाजता कायचीच नाही! सकाळची उपासना झाली का सारे जेवून घोरत पडतात. घंटा वाजवनाऱ्याची पोरगी मी, अन् इतके वर्सं मले उमजलं नाही, आपल्याच रडन्यात होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच बसनं आमी तिघं निघालो. मार्थाकाकी फाटकातच भेटली. म्हने तुहा फोन आला सांगतलं का तो उठे अन् सरळ घंटेकडं. पास्टर इचारे काऊन वाजवून राहिला, त म्हने दोरी पाहून राहिलो.

बाबा पायरीवर बसला होता. मले पाहिलं, वामनले पाहिलं, पोरीले पाहिलं. म्हने फोन कायले करतेस, देवरीच्या बसा बंद झाल्या का? वामन हासला, मी तिथंच खाली बसून रडली, अन् पोरीनं बाबाची मिशी धरली ते सोडेच ना. मंग म्हने आत या जावई, अनरसे हायत, जरा लाल झाले.

आता बाबाले कमी ऐकू येते. मी त्याले मोबाईल घेऊन देला, तेच चुकलं. डिसेंबर लागला का रोज फोन, कवा येतेस? मी सांगते चोवीसले. म्हने काय? मी बोंबलते, चोवीसले बाबा! म्हने बरं बरं, मंग कवा येतेस? शाळेतल्या पोरी बी आता माह्यासंग वरडतात. वामन म्हनते, आधी बोले नाही, आता थांबे नाही. राहो बाप्पा त्याले असंच, इचारत राहो. कवा येतेस म्हननारा हाय तवरीक मले माहेर हाय.