प्लॉट नंबर चौऱ्याऐंशी

हॅलो?… हो, नागपूरच. बोला ऑपरेटरबाई… सावनेरचा ट्रंक कॉल? द्या ना, द्या…

हॅलो! जयवंता? अवं, जोरानं बोल! सारे बरे हायेत ना?… हो, प्रेमिलाताईच बोलून राहिली, दुसरं कोण उचलीन?… नाही, तुह्ये भाऊजी ड्युटीवर गेले. टेलिफोनवाल्याच्या घरी फोन असते, टेलिफोनवाला नसते!

काय म्हणतं?… नोकरी लागली? आपल्या सुमतीले? माय वं! पोट्टीले मॅट्रिक होऊन वर्ष नाही झालं!… खापरखेड्याच्या पावर हाउसमंदी? टायपिस्ट? पण तिले टायपिंग कुठी येते?… तेच शिकवतीन? परीक्षा नाही, इंटरव्ह्यू नाही? मंग त्यायनं पोरीत पाह्यलं काय?… अर्जातलं अक्षर! बाप्पा!

हो, हो… अवं आयक ना… दीडशे रुपये कायचे?… डिपॉझिट? उद्या तू वावरात निंदाले बाया सांगशीन, तं त्यायच्यापासूनच पैसे घेशीन का वं?… मंग! मनिऑर्डर केली तं नाही?… बरं झालं, करू नको.

काय पाठवलं?… परवा? रजिस्टरनं? मॅट्रिकचं सर्टिफिकेट… असली? असली काहून पाठवलं वं जयवंता! ते गेलं तं पोरीनं दुसरीकडं काय दाखवायचं?… रडू नको. रडण्यातच तीन मिनिटं जातीन. भाऊजीले धाडते ऑफिस पाहाले. पत्ता सांग… हं… अखिल विदर्भ नोकरी मार्ग केंद्र… प्लॉट नंबर चौऱ्याऐंशी, सक्करदरा…

अवं, हे तं आमच्याच भागात! पण चौऱ्याऐंशी कोणाचा?… आता मले काय माहीत? इथं नंबर कोण पाह्यते? 'वामनराव टेलिफोनवाले, तलावाजवळ' लिहिलं का पत्र घरी येते. तूच वीस वर्षं तेच लिहून राहिली ना?

मधुकररावाले इचारते थांब. नवीन भाडेकरू. मागची खोली दिली त्यायले, महिना झाला… लय सज्जन मानूस वं! टाइपरायटर हाय, दिवसभर टकटक. पोस्टमन रोज गठ्ठा आणते. ते झोपले असले तं रजिस्टरवर मीच सही करून घेते, वरचं नाव-पत्ता न पाह्यता, शेजारधर्म म्हणून… आता आंघोळीले गेले. तोवर लाइट बिल पाह्यते. आमचा नंबर समजला का तिथून घरं मोजत जाता येते…

हं, सापडलं बिल. वामनराव… सक्करदरा… प्लॉट नंबर…

…

हो, हाय मी लाइनवर… जयवंता, हळू बोल आता. चौऱ्याऐंशी आमचाच नंबर हाय वं.

'म्हणजे' काय? म्हणजे तो मेला मधुकरराव माह्याच न्हाणीत, माह्याच बंबाचं पाणी अंगावर घेऊन राहिला! अन् सह्या म्या केल्या… म्या! लाज वाटून राहिली मले… थांब. फोन ठेवू नको.

…

आली. न्हाणीले बाहेरून कडी घातली, वरतून कुलूप… आयकू आलं? ठोकून राहिला. मधुकरराव, थांबा जराशी! कडी अडकली! आमचे हे आले का काढतीन!… तुले नाही वं, त्याले.

आजचा गठ्ठा इथंच फोनपाशी हाय, त्याले द्यायचाच होता. पाह्यते… उमरेड… कामठी… रामटेक… किती पोरायचे वं, माय!… सावनेर! सुमतीचंच अक्षर! फोडू?… फोडलं… हाय! सर्टिफिकेट हाय वं!… आता काहून रडतं?… मी कुठी रडून राहिली? सर्दी हाय मले.

हो ऑपरेटरबाई, तीन मिनिटं कवाचेच झाले, ठेवून राहिली… काय? तुम्ही सारं आयकत होत्या?… तुमच्या भावानंबी सर्टिफिकेट धाडलं इथं? नाव काय त्याचं?… विश्वनाथ. गाव?… काटोल. थांबा, थांबा… हाय बाई! इथंच हाय, फोडलंबी नाही!

आता दोघीबी रडणं बंद करा. जयवंता, तू ठेव. अन् ऑपरेटरबाई, तुम्ही मले पोलीस ठाणं लावून द्या. लवकर… बंबातलं पाणी थंड होऊन राहिलं त्याचं.